कापलेली आठ पानं

मला माझ्या चुलतबहिणीचा हेवा वाटतो. बारा महिने वाटतो, पण मार्चमध्ये जरा जास्तच. कडुनिंबाला मोहर आला, कूलरच्या जाळीत नवा वाळा बसला, घराघरातून पाठांतराचा तो एकसुरी आवाज यायला लागला की माझ्या मनातलं हे टोचणं पुन्हा सुरू होतं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईनं असं कबूल करू नये म्हणतात. पण कबूल न करता मी तीस वर्षं काढली आहेत, आणि तेवढ्यानं ते काही कमी झालेलं नाही.

यंदा माझी मुलगी मुक्ता दहावीला आहे. तिच्या टेबलावर विज्ञानाचं पुस्तक उघडं असतं आणि त्याच्या खाली दुसरं. त्या दुसऱ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ दर वेळी नवं असतं, पण त्यावर असतं तेच: मोडकं शहर, लालसर आभाळ आणि पाठमोरी उभी असलेली एक मुलगी. परवा मी दूध ठेवायला गेले तेव्हा विचारलं, "यातही जग बुडतं का?"

"बुडून झालंय," ती मान वर न करता म्हणाली. "आता पुढचं."

पुढचं काय, ते मला सांगणार नाही. ते सांगायचं संगीमावशीला. संगी म्हणजे माझ्या मोठ्या काकांची मुलगी, बिडकीनला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचा फोन आला की मुक्ता दार लावून घेते. मग आतून अर्धा अर्धा तास स्पीकरवरचा संगीचा आवाज येतो. "मग त्या पोरीनं काय केलं गं?" "आन् ते टोपीवाले लोकं? त्यान्ला कोणी इचारलंच नाय?" "लई भारी, मुक्ते, लई भारी!" मी भाजी निवडत ऐकत असते. पुस्तकं मी आणून देते, पैसे माझे, मुलगी माझी, आणि गोष्ट मात्र जाते बिडकीनला. एकदा मी म्हटलं, मलाही सांग ना. तर म्हणाली, "आई, तुला नाही आवडणार. तुला सगळं नीट झालेलं लागतं."

हे ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. मला, जिनं तिच्या जन्माच्या कितीतरी आधी, याच शहरात, याच दिवसांत असलंच एक पुस्तक वाचून दोन दिवस जेवण टाकलं होतं!

तेव्हा आम्ही मुकुंदवाडीत राहायचो, स्टेशनाच्या अलीकडं, दोन खोल्यांत. मधे अर्ध्या विटेची भिंत. आमच्या गल्लीला नळ आलेला नव्हता. टँकर यायचा, रोज दुपारी चारच्या सुमाराला, म्हणजे ड्रायव्हरच्या मनात असेल तर. नंबर माणसांचे नसत, भांड्यांचे असत. दुपारी दोनपासून घागरी, हंडे, तेलाचे पत्र्याचे डबे रांगेत लागायचे आणि त्यांच्या मालकिणी घरी जाऊन पडायच्या. कोणाचं भांडं कोणी पुढंमागं करू नये म्हणून आम्ही पोरंपोरी तिथं बसायचो, कडुनिंबाच्या तुटक्या सावलीत. आणि नुसतं किती वेळ बसणार? म्हणून मी गोष्टी सांगायचे. दहावीपर्यंत ती जागा माझी होती. मी आले की पोरं सरकून मला बुंध्याशी जागा द्यायची. एवढ्याशा गोष्टीचा मला केवढा अभिमान होता, ते आज सांगूनही कोणाला पटायचं नाही.

दहावीच्या वर्षी जूनमध्ये संगी आली. गावाकडून तिचा नंबर ज्या केंद्रावर लागला असता तिथं कॉपीचा बाजार होता. पेपरच्या दिवशी खिडक्यांच्या गजांना माणसं लटकलेली, कोणी भावासाठी, कोणी भाचीसाठी, आणि खालून वर चिठ्ठ्या चालल्या आहेत. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मोठ्या काकांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे. तिथं बसली तर तिचे खरे मार्कसुद्धा खोटे वाटतील. माझ्याकडं पाठवा." झालं, आली. एक पत्र्याची पेटी आणि एक कापडी पिशवी. पेटी उघडली, पिशवी उघडलीच नाही. तिच्यात दोन कपडे, कंगवा आणि एसटीच्या तिकिटाएवढे पैसे भरून तिनं ती कॉटखाली ठेवली होती. कधीही परत जायला तयार. हे फक्त मला माहीत होतं.

अण्णांना ती आवडायची. मी गणित चुकले की ते नुसते "हं" म्हणायचे. ती चुकली की शेजारी बसून पुन्हा सांगायचे. पाहुणी आहे म्हणून, हे आज कळतं. त्या वेळी मला वाटायचं, माझ्या ताटातलं उचलून तिच्या ताटात वाढलं.

ते पुस्तक अण्णांनीच आणलं, फेब्रुवारीत. गुलमंडीच्या मागे एक रद्दीवाले चाचा होते, त्यांच्याकडून आम्ही जुनी गाइडं किलोवर घ्यायचो. त्या दिवशी मीही बरोबर होते. गठ्ठ्याच्या तळाशी मुखपृष्ठ नसलेली, कडा पिवळ्या पडलेली एक कादंबरी होती. अण्णांनी उलटून पाहिली आणि अर्धवट तर नाही ना, असं विचारलं. चाचा म्हणाले, "नक्को फिकर करो साब. पहला पन्ना नै है, आखरी है. आखरी रहना, बस."

आखरी रहना, बस. हे वाक्य पुढं तीस वर्षं माझ्या कानात राहिलं.

त्या पुस्तकाचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. गोष्ट अशी होती की एक शहर आहे आणि त्या शहरात खिडक्यांना बंदी आहे. घरोघरी भिंतीवर खिडकी रंगवलेली. बाहेरचं आभाळ, एखादं झाड, पक्षी, सगळं रंगाचं. दर महिन्याला खिडकी खात्याची माणसं येतात आणि ऋतू बदलून जातात. पावसाळ्यात थेंब काढतात, उन्हाळ्यात झाड पिवळं करतात. लोक म्हणतात, यंदा पाऊस छान काढला हं. त्या खात्यात पंधरा वर्षांची एक मुलगी रंग कालवायला लागते. एक दिवस एका घरात तिला रंगाचा पोपडा उडालेला दिसतो. खाली नुसतं प्लास्टर. आणि तिच्या मनात येतं, याच्या पलीकडं काय असेल? बस, एवढंच. मग ती रोज थोडं थोडं खरवडायला लागते.

आज लोक विचारतात, या वयाच्या मुलांना ही असली भेसूर पुस्तकं का आवडतात? आमच्या ऑफिसातही डब्याच्या वेळी याची चर्चा होते. मोबाइलमुळं, म्हणतात. मन दुबळं झालंय, म्हणतात. मी गप्प बसते, कारण मला उत्तर माहीत आहे. ते मला त्या टँकरच्या रांगेत कळलं होतं. पंधराव्या वर्षी तुम्हाला कोणी काही विचारत नाही. फक्त सांगतात. दहावी झाली की सुटलीस, सांगतात. मग अकरावीला सांगतात, बारावी झाली की सुटलीस. दर वर्षी येऊन खिडकी रंगवून जातात. आणि वाईट हे की रंगवणारी माणसं प्रेमाची असतात, त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. अशा वेळी कुठल्याशा पुस्तकात अख्खं शहर एका पंधरा वर्षांच्या पोरीपाशी येऊन थांबतं. तिनं खरवडलं तर काही होणार, नाहीतर नाही. हे वाचताना अंगावर काटा येतो तो भीतीनं नाही, कोणाला तरी आपली गरज आहे म्हणून येतो. मोडलेलं शहर त्या मुलांना भेसूर वाटतच नाही. मोडलंय म्हणजे कोणीतरी शेवटी खरं सांगितलं, असं वाटतं.

पुस्तक आधी मी वाचलं, दोन दिवसांत. मग रांगेत सांगायला सुरुवात केली. पण ती गोष्ट काही मला जमेना. मी शब्दाला शब्द सांगत होते, पुस्तकातल्यासारखं, आणि पोरं खडे उडवत होती. तोवर संगीनं अर्धं पुस्तक वाचलं होतं. ती मधेच म्हणाली, "आगं, ते खिडकीवाले कसे येतेत माहितीय का? आपला टँकरवाला येतो ना, तसे! मनात आलं तर. आन् बाया मागं लागतेत, ओ भाऊ, मपल्याला जरा मोठं झाड काढा की, मागच्या बारीला शेजारणीला आंब्याचं काढलं अन् आमाला बाभळ!"

पोरं खो खो हसली. कोपऱ्यातल्या दोन बायका, ज्या कधी ऐकत नसत, त्याही सरकून आल्या. पुढच्या दिवशी मी रांगेत गेले तर बुंध्यापाशी संगी बसलेली. कोणी ठरवून केलं नव्हतं. तिनं मला हाक मारली, "नीलू, ये, हितं बस मपल्याजवळ." मी लांब एका पालथ्या डब्यावर बसले. तो डबा उन्हानं तापलेला होता, तरी उठले नाही.

रोज ती तेवढंच सांगायची जेवढं वाचून झालेलं असायचं. रोज टँकर आला की पोरं म्हणायची, थांब ना ड्रायव्हरकाका, पाच मिनिटं. पाण्याला थांब म्हणणारी पोरं मुकुंदवाडीनं त्याआधी पाहिली नसतील. मी माझ्या घागरीकडं बघत बसायचे. मला शेवट माहीत होता. एवढं एकच माझ्याकडं होतं, की शेवट मला माहीत आहे आणि हिला नाही. आणि दोन-तीन दिवसांत हिलाही कळणार, आणि मग ही तोही सांगणार, माझ्याहून चांगला.

दहावीची जाडजूड गाइडं आम्ही दाढीच्या ब्लेडनं कापून धड्याधड्याचे भाग करायचो, म्हणजे हातात हलकी राहतात. या कामात माझा हात फार साफ होता. शिवणीला लागून एकच रेघ ओढायची, पान निघतं आणि कळतसुद्धा नाही. एका दुपारी संगी आईबरोबर दळण आणायला गेली होती. मी कंपासमधलं ब्लेड काढलं आणि त्या पुस्तकाची शेवटची आठ पानं कापली. पानं इतिहासाच्या वहीच्या कव्हरात घातली, पुस्तक जागेवर ठेवलं आणि पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी संगी पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभी. मी तयारच होते. मी म्हणणार होते, अगं, रद्दीतलंच ते, तसंच असेल. पण मला बोलावंच लागलं नाही.

"नीलू, शेवटची पानं कोणीतरी कॉपीला फाडून नेली बघ," ती म्हणाली.

मला हसू आलं. "कादंबरीची पानं? कॉपीला?"

"मंग? तुला नाय माहीत. आमच्याकडं पेपरच्या सकाळी पोरं हाताला लागंल ते फाडतेत. घाईत चुकलं असंल त्याचं. गाइड समजून हेच फाडलं असंल." बोलता बोलता तिचा चेहरा एकदम उजळला. "आन् नीलू, आत बसल्यावर खिशातून काढलं असंल! आन् वाचलं असंल! इचार कर, पेपर ऱ्हायला बाजूला, आन् पोरगं बसलंय वाचत. नापास झालं असंल बिचारं. पण त्याला शेवट माहीत हाय. कुठं तरी हाय तो."

हे ती थट्टेनं म्हणत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं. जिनं चोरलं ती समोर उभी, आणि हिनं चोर म्हणून एक पोरगा उभा केला, वर त्याची कीवही केली. तिच्या त्या पोराचाही मला हेवा वाटला.

त्या दिवशी रांगेत तिनं आधी कॉपीवाल्या पोराची गोष्ट सांगितली, मग म्हणाली, "पानं नाय, तर आता मीच सांगते." आणि सांगितलं. ती मुलगी खरवडता खरवडता थांबते. हात दुखायला लागलेला असतो. आणि तिला ऐकू येतं, खर्र, खर्र. ती तर थांबलीय, मग आवाज कुठला? ती भिंतीला कान लावते. पलीकडूनही कोणीतरी खरवडतंय. मग ती बोटानं तीनदा वाजवते. पलीकडचं खरवडणं थांबतं. लई वेळ काहीच नाही. आणि मग, टक, टक, टक.

"बस," संगी म्हणाली. "हितंच संपती."

टँकर येऊन उभा होता. कोणी उठलं नाही.

पुस्तकातला खरा शेवट तसा नव्हता. ती मुलगी भिंत फोडते, तर मागे दुसरी भिंत असते, आणि तिच्यावर तिच्या आजीच्या काळातली, विटलेली, एक रंगवलेली खिडकी. खात्याची माणसं येतात, तिला शिक्षा करत नाहीत, बढती देतात. आणि ती पुढं सगळ्या शहरात सर्वांत सुंदर निळा रंग कालवायला लागते. एवढंच. तो शेवट वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते. तो मला खरा वाटला होता, अजूनही वाटतो. पण त्या दुपारी, तापलेल्या डब्यावर बसून, मला कळलं की हिचा शेवट माझ्या वहीत लपवलेल्या छापील शेवटापेक्षा चांगला आहे, आणि तो मीच हिला करायला लावला.

पुढचे कितीतरी दिवस आमच्या गल्लीतल्या भिंती वाजत होत्या. या घरातून तीनदा, त्या घरातून तीनदा. बायका ओरडायच्या, अरे प्लास्टर पाडता का! आमच्या घरीही वाजायचं. दुपारी अण्णांचा नियम होता, मी आतल्या खोलीत अभ्यास करायचा, संगीनं बाहेरच्या, म्हणजे गप्पा नकोत. एक-दीडच्या सुमाराला, उन्हानं सगळं गप्प झालं की भिंतीतून यायचं, टक, टक, टक. मी वही तोंडावर घेऊन पडलेली असायचे. थोडं थांबून पुन्हा एकदा, टक, टक, टक. मग तिचं पाठांतर सुरू व्हायचं, जरा मोठ्या आवाजात. स्टेशनात पॅसेंजर शिरल्याचं ऐकू आलं की ते पाठांतर मधेच तुटायचं. तिची पिशवी अजून कॉटखालीच होती. मला हे सगळं माहीत होतं. हात भिंतीपर्यंत पोचायला वीतभर अंतर होतं. मी एकदाही वाजवलं नाही. पेपर संपेपर्यंत ती वाजवत राहिली.

तिला माझ्याहून चांगले मार्क पडले. पुढं शिकली, गावाजवळ नोकरी लागली, पोरांची लाडकी बाई झाली. मी शहरातच राहिले, क्रांती चौकातल्या एका ऑफिसात रोज फायली हलवते. वाईट काहीच नाही. पण कुठल्याही लग्नात चार पोरं जमली की ती खिडक्यांची गोष्ट सुरू करते, आधी कॉपीवाल्या पोराची, मग ती. सगळे हसतात, मीही हसते. दर मार्चमध्ये फोनवर म्हणते, "नीलू, आपला कॉपीवाला आता पन्नाशीला आला असंल, नाय?" मी म्हणते, "आला असेल." आणि कपाटात माझ्या मार्कशीटच्या फायलीत ती आठ पानं असतात.

या वर्षी संगीनं ते पुस्तक मुक्ताला पाठवलं. तीस वर्षं जपून ठेवलं होतं, शाळेच्या खाकी कागदाचं कव्हर घालून. भूगोलाच्या पेपराआधी दोन दिवस सुट्टी होती, त्यातल्या एका दुपारी मुक्तानं ते संपवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, मावशीचं चुकतंय."

"काय?"

"कॉपीसाठी नाही नेली ही पानं. घाईत माणूस फाडतो. हे बघ," तिनं पुस्तक उघडून शिवणीवर बोट फिरवलं, "एकदम सरळ रेघ आहे. ब्लेडनं, सावकाश कापलंय. ज्यानं कापलं त्याच्याकडं वेळ होता. आणि त्याला पुस्तक खराब करायचं नव्हतं, फक्त शेवट दिसू द्यायचा नव्हता."

ही पुस्तकं मुलांना काय शिकवतात म्हणून विचारतात ना, ती हे शिकवतात. जे दिसतंय त्याच्यावर नख फिरवून बघायला.

मी पोळी उलटली. ती करपली होती. मुक्तानं माझ्याकडं पाहिलं, पोळीकडं पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "तू?"

मी फाइल आणून तिच्या हातात दिली. आता रागावेल, आता मावशीला फोन करेल, असं वाटत होतं. तिनं पानं वाचली नाहीत, नुसती पुस्तकाला लावून बघितली. बरोबर बसली. "का?" म्हणाली. मी म्हटलं, "सगळे तिचं ऐकायचे म्हणून." हे इतकं लहान वाक्य निघेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं पानं पुन्हा फायलीत सरकवली. मग म्हणाली, "म्हणजे खिडकी खातं तू होतीस." आणि अभ्यासाला निघून गेली.

त्या रात्री ती जेवायला आली, नीट बोलली, भाजी चांगली झालीय म्हणाली. पण वाक्य तसंच पडून राहिलं. आयुष्यभर मी स्वतःला त्या गोष्टीतली रंग कालवणारी मुलगी समजत आले होते. प्रत्येक वाचणारा तेच समजत असणार. शेवट कापणाऱ्याच्या जागी स्वतःला बसवून कोणी पुस्तक वाचत नाही.

पेपर संपल्यावरच्या रविवारी मी बिडकीनला गेले. मुक्ताला चल म्हटलं, तर म्हणाली, "तू एकटी जा." पैठण रस्ता आता ओळखू येत नाही. ज्या रानात आम्ही हुरडा खाल्ला तिथं कंपन्यांची कुंपणं आहेत. संगी ओट्यावर वह्या तपासत बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मला बघून तिला एवढा आनंद झाला की मी काय करायला आलेय तेच विसरावं असं वाटलं. मी बसायच्या आधीच पानं तिच्या हातात दिली. "मी कापली होती," म्हटलं. "कोणी पोरगा नव्हता."

तिनं उभ्या उभ्या आठही पानं वाचली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते, परीक्षेत बाई पेपर तपासताना बघावं तसं. वाचून झाल्यावर तिनं पानं नीट जुळवली.

"बरं केलंस कापलंस," ती म्हणाली.

"असं नको म्हणू."

"खरं सांगते. पिशवी भरून ठिवली व्हती मी, आठवतीय? हे असं वाचलं असतं ना, त्याच दिवशी उचलून स्टँडवर गेले असते. म्हणले असते, पलीकडं बी भिंतच हाय तर कशाला खरवडायचं." मग हसली. "कॉपीवालं पोरगं गेलं बघ मात्र. तेवढं वाईट वाटलं."

झालं! म्हणजे मी केलेलं पापही हिच्याच उपयोगाला आलं. क्षमा तर तिनं मला मागूही दिली नाही. मी तिथं तिच्या ओट्यावर बसून, डोळ्यांत पाणी असताना, तिचा हेवा करत होते, इतकं सहज सोडून देता येतं म्हणून.

"नीलू," ती वह्या गोळा करता करता म्हणाली, "दुपारी मी भिंत वाजवायचे, ते तुला ऐकू यायचं का गं? का झोपेत असायचीस? मी मनाला म्हणायचे, नीलूची झोप लई गाढ हाय."

ती सहज विचारत होती. हो म्हणायला सोपं होतं. झोपेत असायचे, एवढं म्हटलं की संपलं असतं. तिनं स्वतःच खिडकी रंगवून माझ्यापुढं धरली होती.

"जागी असायचे," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

तिचे हात थांबले. पानांसाठी बदलला नव्हता तो चेहरा आता बदलला. ती रागावली नाही. फक्त एकदम पंधरा वर्षांची दिसली, पत्र्याची पेटी घेऊन आमच्या दारात उभी होती तशी. "व्हय का," म्हणाली, आणि "च्या टाकते" म्हणून आत गेली.

मी ओट्यावरून उठून बाहेरच्या खोलीत येऊन बसले. ती खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधे भिंत होती, निळसर चुन्याची. पलीकडं पातेलं ठेवल्याचा आवाज आला, मग काडी ओढल्याचा. मग काहीच नाही. मी उठले, भिंतीजवळ गेले आणि बोटानं तीनदा वाजवलं. टक, टक, टक.

पलीकडून काही आलं नाही. चहाला उकळी आल्याचं ऐकू येत होतं, म्हणजे ती तिथंच उभी होती, जागी होती, ऐकत होती. किती वेळ गेला कोण जाणे. एवढा वेळ ती रोज दुपारी थांबायची, थांबून पाठांतराला लागायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात उचलायची.

मी पुन्हा वाजवलं.